प्रयोगशाळा सोडून मालवणात का आलात?

वाचकांचे प्रश्न, सागरी जीवशास्त्रज्ञाची उत्तरं

आमच्या स्तंभलेखिका मालवणच्या दांडी किनाऱ्यावर वाढल्या, गोव्यात काही वर्षं संशोधन केलं आणि गावी परतल्या. दर अमावस्या-पौर्णिमेला किनाऱ्याची वाळू मोजायची, ठरलेल्या विहिरींचं पाणी तपासायचं आणि ते आकडे गावासमोर वाचून दाखवायचे, हे त्यांचं काम. गेल्या अंकात त्यांनी त्याविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.

चांगल्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून तुम्ही मालवणला आलात याचं कौतुक वाटलं, पण एक शंका आहे. एकट्या बाईनं वाळू आणि विहिरी मोजून गावाचं भवितव्य कसं सुधारणार? हेच काम मोठ्या संस्थेत राहून जास्त प्रभावी झालं नसतं का?
*निवृत्त शिक्षिका, पुणे*

बाई, तारीख होती ११ नोव्हेंबर २००९. त्या दिवशी फयान वादळ कोकण किनाऱ्याला लागून वर सरकलं. मी गोव्यात, खोल समुद्राच्या तळातून आणलेल्या गाळातले सूक्ष्मजीव मोजत बसले होते. वडिलांचा फोन आला. आमच्या रापणीतले (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या आमच्या गटातले) दोघं जण पहाटे लहान होडी घेऊन गेले होते, अजून आले नव्हते. वडिलांनी विचारलं, “तुका म्हायत आसतला गो, ह्या वाऱ्यात पाणी खयच्या बाजून वडता?”

मला माहीत असणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं. मुलगी समुद्र शिकली, तर घरासमोरचा समुद्र तिला ठाऊक नसेल हे त्यांच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं. आणि मला ठाऊक नव्हतं. चार हजार मीटर खोलीवरचा गाळ मी बोटाच्या चिमटीत ओळखायचे, पण दांडीपासून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंतच्या त्या ओळखीच्या पाण्याची ओढ कुठल्या वाऱ्यात कुठं वळते यावर माझ्या कुठल्याही वहीत एक ओळसुद्धा नव्हती. ते दोघं संध्याकाळी सर्जेकोटला लागले, सुखरूप. त्या वादळात कोकणातल्या अनेक घरांतली माणसं परतली नाहीत. तो प्रश्न आणि माझं गप्प राहणं माझ्या मनातून गेलं नाही. पुढच्या वर्षी मी आले.

मोठ्या संस्थांचं म्हणाल तर त्यांच्यामुळेच मी शिकले, आणि आजही माझे नमुने तिथल्या यंत्रांवर तपासले जातात. पण बाहेरून येणारा शास्त्रज्ञ दोन-चार दिवस राहतो, नमुने घेतो, प्रामाणिक अहवाल लिहितो. तो त्या दोन-चार दिवसांचा असतो. आमच्या किनाऱ्याची वाळू पावसाळ्यात आत जाते आणि दिवाळीनंतर हळूहळू परत येते. फक्त ऑगस्टमध्ये आलेल्याला वाटेल, किनारा संपला. फक्त मार्चमध्ये आलेल्याला वाटेल, सगळं छान आहे. दोघांचीही मापं बरोबर असतील आणि दोघांचाही अंदाज चुकेल. किनारा खरंच मागे सरतोय की नुसता श्वास घेतोय, हे कळायला बाराही महिने आणि निदान दहा वर्षं त्याच जागेवर उभं राहावं लागतं. तिथं राहणाऱ्यालाच ते जमतं.

त्यासाठी लागतं काय, तर आखणी केलेल्या दोन काठ्या आणि एक दोरी. के. ओ. एमरी या अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये ही पद्धत मांडली. एक काठी वर, एक खाली, आणि समपातळी म्हणून समोरचं क्षितिज. दोन्ही काठ्यांच्या उंचीतला फरक लिहीत लिहीत सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, रेषेपर्यंत उतरायचं. पहिली आठ वर्षं दुसरी काठी माझ्या वडिलांनी धरली. गुडघे दुखायचे, पण उधाणाचा दिवस त्यांनी कधी चुकवला नाही. आता कॉलेजच्या मुली धरतात.

पहिल्या वर्षी मी मोजायचे आणि वही घरी न्यायचे. एका म्हाताऱ्या रापणकरांनी मला अडवलं. “लिवन ठेवतस ता बरा. पण आमका वाचून दाखय.” तेव्हापासून दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी देवळासमोर वही वाचली जाते. लोक मध्येच थांबवतात, दुरुस्त्या सांगतात, “त्या म्हयन्यात दक्षिणेचा वारा होता, ता लिव” म्हणतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा लाट जिथवर चढली तिथं आम्ही दुसऱ्या दिवशी खुंट्या मारल्या आणि वहीत नोंदवल्या. त्यानंतर आमच्या वाडीत जाळी ठेवायच्या खोपी त्या खुंट्यांच्या वरच बांधल्या गेल्या. कुणी हुकूम काढला नव्हता. भवितव्य सुधारलं असं मी म्हणणार नाही, पण खोपी दोन हात वर गेल्या एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेवढ्यासाठी मी पुन्हा तीच नोकरी सोडेन.

आमचं तारकर्लीला घर आहे. सासूबाई सांगतात, विहिरीला मे महिन्यातही गोड पाणी असायचं. आम्ही चार खोल्यांचं न्याहारी-निवास सुरू केलं आणि तीन वर्षांतच मार्चपासून पाणी मचूळ लागायला लागलं. दीर म्हणतात बोअर मारू, खाली गोडं पाणी असेल. मारावी का?
*एक गृहिणी, तारकर्ली*

मारू नका वहिनी. दिरांनाही हे वाचायला द्या, कारण त्यांचा अंदाज डोंगराकडच्या गावाला लागू पडतो, किनाऱ्यावर नेमका उलटा पडतो.

तुमच्या घराखाली खडकातून वाहणारा झरा नाही. आहे ती वाळू, आणि वाळूच्या फटींत साठलेलं पावसाचं पाणी. त्याच्या खाली खारं पाणी आहे, एका बाजूनं समुद्राचं आणि दुसऱ्या बाजूनं कर्ली खाडीचं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगत राहतं, दह्यावर साय राहावी तसं. ही साय किती जाड, याचा हिशेब शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका डच आणि एका जर्मन अभियंत्यानं आपापला मांडला. समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी एक मीटर उभं असेल, तर पातळीखाली त्याची जाडी सुमारे चाळीस मीटर असते. ऐकायला फार छान. पण हाच हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी एक वीत खाली गेली, की खालचं खारं पाणी चाळीस विती वर यायला बघतं. त्यामुळे तुमच्यासारख्या अरुंद पट्टीवर जितकं खोल जाल तितकं मिठाजवळ जाल. बोअर थेट खाऱ्यात उतरेल. आणि ते खारं पाणी तुमच्याच नव्हे, शेजारच्या विहिरीतही ओढलं जाईल.

सासूबाईंची विहीर गोड राहिली ती रहाटामुळे. रहाटानं माणूस दमेपर्यंतच पाणी निघतं, आणि माणूस दमला की विहिरीला उसंत मिळते. पंप दमत नाही. अर्ध्या तासात टाकी भरायची म्हणून तुम्ही पंप लावता, तेवढ्यात विहिरीची पातळी झपकन खाली जाते आणि नेमकं विहिरीच्या तळाशी खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. तेच पाणी थोडं थोडं करून दिवसभरात काढलंत तर तो शंकू एवढा चढत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे लहान पंप, आणि एका वेळी दहा मिनिटं. पाणी तितकंच मिळेल, वेळ जास्त लागेल.

दुसरं काम छपराचं. आपल्याकडे वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरचं छप्पर असेल तर त्यावर तीन लाख लिटर पाणी पडतं आणि पन्हळीतून सरळ रस्त्यावर जातं. ते गाळून विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडा. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी मात्र बाहेर जाऊ द्या, त्यात पक्ष्यांची घाण आणि धूळ असते.

तिसरी गोष्ट पत्रात तुम्ही विचारलेली नाही, पण मला सांगितलीच पाहिजे. चार खोल्यांचा संडास कुठं आहे? वाळूतून पाणी फार लवकर झिरपतं. शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर मिठापेक्षा मोठी काळजी त्याची आहे. पाण्याचा नमुना देताना क्लोराइडबरोबर (म्हणजे खारटपणाबरोबर) जिवाणूंचीही तपासणी मागा. क्लोराइडचं भारतीय मानक लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा काही स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. जिवाणूंच्या बाबतीत अशी सूट कोणी देत नाही.

आणि हे एकट्यानं करून पुरणार नाही. विहिरी वेगळ्या असल्या तरी खालची साय एकच आहे. आमच्या आळीत आठ घरांनी पंपाच्या वेळा वाटून घ्यायचं ठरवलं. पहिल्या वर्षी ते मोडलं. मे महिन्यात गर्दी आली आणि ज्याच्याकडे पाहुणे जास्त त्यानं रात्री पंप लावला. भांडणं झाली, दोन घरं बोलेनाशी झाली. दुसऱ्या वर्षी आम्ही प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर पाण्याचा खारटपणा दर आठवड्याला खडूनं लिहायला सुरुवात केली. मीटर माझं, लिहायचं त्या घरच्या मुलांनी. आकडा सगळ्यांच्या नजरेसमोर राहिल्यावर बोलणं सोपं झालं. ती दोन घरं अजून फारशी बोलत नाहीत, पण पंपाच्या वेळा पाळतात.

पाहुणे सहा आले तरी विहीर चारांचीच आहे, हे तुम्हाला एखाद्या हंगामात गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावं लागेल. ते अवघड आहे, घर त्यावर चालतं, हे मी जाणते. तरीही सांगा.

दिवाळीत मुलांना घेऊन मालवणला स्नॉर्कलिंगला येतोय. प्रवाळांना त्रास होतो असं ऐकलं. जाऊ की नको?
*एक वाचक, ठाणे*

या. मुलांना नक्की दाखवा. फक्त पाण्यात पाय टेकू नका. पायाखाली जो खडक वाटतो तो जिवंत असू शकतो. किल्ल्याभोवती पोरायटीस जातीचे गोलसर प्रवाळ आहेत, ते वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात. कलिंगडाएवढा गोळा तुमच्या मुलांच्या वयापेक्षा जुना असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी तापल्यामुळे यातले कितीतरी गोळे पांढरे पडलेले मी पाहिले, आणि पाण्याखाली रडता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. काही परत रंगावर आले, काही आले नाहीत. त्यांना आणखी धक्का सोसणार नाही.

नांगर टाकणाऱ्या होडीत बसू नका, पाण्यात तरंगत्या बोयाला दोर बांधणारी होडी शोधा. मासे जवळ यावेत म्हणून कुणी बिस्किटं दिली तर घेऊ नका. मुलांनी विचारलं तर सांगा, हे मासे प्रवाळांवरचं शेवाळ खातात, ते त्यांचं काम आहे आणि बिस्किटानं ते काम बंद पडतं.

मी सत्तरीचा मच्छीमार आहे. १९८७ साली आम्हाला न विचारता आमच्या दर्याचं अभयारण्य केलं. बाहेर पर्ससीनवाले येऊन बांगड्याचे थवेच्या थवे उचलतात, रात्री दिवे लावून मासे गोळा करतात, आणि कायदा आठवतो तो रापणवाल्याला. तुम्ही शास्त्रज्ञ सरकारच्या बाजूनं की आमच्या?
*सर्जेकोट*

काका, तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ह्यां तुझ्या बापाशीनच लिवलेला दिसता.” माझे वडील त्या अभयारण्याविरुद्धच्या मोर्चात होते आणि मी त्यांच्या खांद्यावर. तेव्हा मला शाळेत घालायची होती.

तुमच्या प्रश्नाला मी आडवळणाचं उत्तर देणार नाही. अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचं, त्यातला गाभा ३ चौरस किलोमीटरहून थोडा जास्त, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड धरून. त्या गाभ्यात खडक आहेत, प्रवाळ आहेत, माशांची पिल्लं तिथं वाढतात. तो गाभा राखला पाहिजे असं माझं शास्त्रज्ञ म्हणून ठाम मत आहे. आणि ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना न विचारता, त्यांच्या भाषेत एक कागद न वाचता तो ठरवला, हे चूक होतं. त्या चुकीची किंमत आम्ही अजून मोजतोय. मी आज कुठल्याही वाडीत प्रवाळ हा शब्द काढला की लोकांना १९८७ आठवतं.

पर्ससीनबद्दल तुमचं म्हणणं नुसतं रागाचं नाही, त्यात जीवशास्त्र आहे. बांगडा आणि तारली थव्यानं फिरतात. रापणीला थवा स्वतःहून किनाऱ्याजवळ यावा लागतो, जाळं अर्धगोल टाकून माणसं ओढतात, आणि जे मिळेल त्याचे वाटे पडतात. आला नाही तर नाही. पर्ससीन थव्याच्या मागे जातं, घेरतं आणि खालून दोर आवळून पिशवी बंद करतं. सगळा थवा एका होडीत. राज्य सरकारनं ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर मर्यादा घातल्या, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबरपुरता ठेवला. प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी आणली. नियम कागदावर तुमच्या बाजूचे आहेत. पाण्यावर ते किती पाळले जातात, ते रात्री क्षितिजावर दिसणारे दिवे तुम्ही माझ्याआधी मोजले आहेत.

पण काका, एक गोष्ट मला तुमच्यापुढेही ठेवायची आहे. बांगडा कमी झाला त्याचं सगळं खापर जाळ्यावर फोडता येत नाही. गेल्या चार दशकांत अरबी समुद्राचा पृष्ठभाग एका अंशाहून अधिक तापला आहे. तारली तर पाण्यातल्या बारीक बदलांना इतकी हळवी आहे की एल निनोच्या (प्रशांत महासागर तापतो त्या) वर्षांनंतर केरळपासून तिचं उत्पन्न कोसळतं. तापलेल्या समुद्रावर आपण कायदा करू शकत नाही. म्हणूनच जे हातात आहे ते जास्त घट्ट धरायला हवं. १ जून ते ३१ जुलैची बंदी पाळायची, कारण बांगडा आणि तारली मुख्यतः पावसाळ्यात अंडी घालतात. आणि लहान मासा सोडायचा. राज्यानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. आपल्याच बाजारात वितीपेक्षा लहान पापलेट वाट्यानं विकायला असतात, आणि ते पर्ससीनचेच असतात असं नाही. रापणीतही बारीक मासळी येते. माझ्या वडिलांच्या रापणीतही यायची. त्यावरून माझं त्यांच्याशी भांडण झालं होतं आणि ते मिटायच्या आत ते गेले.

तर मी कुणाच्या बाजूनं? मी तुमच्या बाजूची आहे, म्हणून तुम्हाला ही शेवटची गोष्टही सांगितली. तुमच्याकडे जुन्या मासळीचे हिशेब असतील, कुणाच्या रापणीला कधी किती पाट्या मिळाल्या त्याचे, तर मी सर्जेकोटला येते. चहा तुमच्याकडे. पुढच्या वेळी कोणी आमच्या पाण्यावर कागद करायला बसेल, तेव्हा त्याच्यासमोर टेबलावर तुमची वही असावी.

देवबागला आमची माडांची बाग आहे. दर पावसाळ्यात दोन-चार माड समुद्रात जातात. सगळे धूपप्रतिबंधक बंधारा मागतायत. तुम्ही बंधाऱ्याच्या विरोधात बोलता असं कळलं. माड गेल्यावर बोलून काय उपयोग?
*बागायतदार, देवबाग*

मी देवबागात उभं राहून बंधाऱ्याला सरसकट नको म्हणणार नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये तुमची वाळूची अरुंद पट्टी. जिथं घराच्या पायरीला लाट लागते तिथं दगड टाकावे लागतील, आणि टाकायला हवेत. घरातल्या माणसाला वाळूचं शास्त्र ऐकवणं बरं नव्हे.

माझा विरोध आहे तो बंधारा संपतो त्या टोकाला काय होतं हे न सांगता तो बांधण्याला. वाळूच्या उतारावर लाट चढते, दमते, थोडी वाळू सोडून मागे जाते. दगडाच्या भिंतीवर ती दमत नाही, आपटते आणि पायथ्याची वाळू खरवडून नेते. आणि जिथं भिंत संपते तिथं शेजाऱ्याची जमीन आणखी वेगानं कापली जाते. मग तो शेजारी बंधारा मागतो. अशी भिंत पुढे पुढे सरकत जाते आणि शेवटी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, उरत नाही. पुळण गेली की पर्यटक गेला, कासव गेलं, होडी ओढायची जागा गेली.

वाळू येते कुठून हे आपण फार कमी विचारतो. बरीचशी नदी आणते. खाडीतून ड्रेजर लावून आणि होड्या भरून वाळू उपसली, की समुद्राला द्यायला नदीकडे काही राहत नाही. ती भूक समुद्र तुमच्या बागेवर भागवतो. बंधाऱ्याच्या मागणीच्या अर्जात वाळूउपशाचा एक मुद्दा घाला, एवढं माझं मागणं आहे.

जिथं अजून जागा आहे तिथं झाडं. सुरू नको, तो उभा दिसतो पण मुळं वरवर असतात, वादळात आडवा होतो. सगळ्यांत पुढे मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा, त्यामागे केवडा, त्यामागे उंडी. मर्यादवेल पुळणीवर पसरते तिथं वारा वाळू टाकतो आणि टेकडी बनते. आजीनं मला तिचं नाव सांगितलं होतं, समुद्रानं इथवरच यायचं म्हणून ती मर्यादवेल. पुळण स्वच्छ दिसावी म्हणून लोक ती उपटून टाकतात तेव्हा माझा जीव कासावीस होतो. हे माड वाचवेल का? सगळे नाही. पहिल्या रांगेतले गेले असं धरून दुसऱ्या रांगेसाठी लावा.

मी बारावीत आहे. मला समुद्राचा अभ्यास करायचाय, पण मी समुद्र एकदाच पाहिलाय. आमच्याकडे प्यायलाच पाणी नसतं. माझ्यासारखीला हे जमेल का? घरचे म्हणतात कृषीला जा.
*लातूर जिल्हा*

बाळ, तुझ्याच जिल्ह्यात, उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तू बहुधा त्याच्या फाटकावरून एसटीनं गेलीही असशील. दुसरं महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे, १९८१ पासून. मत्स्यविज्ञानाची चार वर्षांची पदवी आहे, घरच्यांना सांग की शेतीच्याच जवळची आहे, फक्त पाण्यातली. पुढे गोव्यात दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ सालची.

आणि समुद्र न पाहिल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. अरबी समुद्र किती तापतोय याचा मोलाचा अभ्यास पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत होतो. उंच लाटांचे इशारे आम्हाला हैदराबादहून येतात. पुण्यात समुद्र नाही, हैदराबादेतही नाही.

तुझ्या पत्रातलं पाण्याचं वाक्य मात्र माझ्या मनात राहिलं. तुमच्या गावात किती विहिरी आहेत? मे महिन्यात कुठलीला किती हात पाणी राहतं, हे कुणी लिहून ठेवलंय का? दोरीला गाठी मारून खोली मोजता येते. या रविवारी एक विहीर मोज, पुढच्या रविवारी तीच. दहा-बारा रविवार झाले की मला लिही. तू समुद्राकडे गेलीस तरी हे वाया जाणार नाही, आणि गावातच राहिलीस तरी नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस आमच्याकडे ये. आई आहे, राहायची सोय आहे. घरच्यांशी मी फोनवर बोलेन.

कासवांची पिल्लं पाहायला कधी यावं?
*कोल्हापूर*

फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. वेळासचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तिथं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून हे काम उभं केलं. पण कोल्हापूरहून वेंगुर्ल्याचं वायंगणी आणि देवगडचं तांबळडेग जवळ पडेल. मोबाइलचा दिवा लावू नका. पिल्लं उजेडाकडे धावतात आणि त्यांना समुद्राचा उजेड पुरेसा असतो. वाळू फार तापली की त्या घरट्यातून जवळपास सगळ्या माद्याच निघतात, म्हणून आम्ही घरट्याशेजारी तापमापक पुरतो. तुमच्या मुलांना तो वाचायला देईन.

आम्ही चाकरमानी. गणपतीला आणि मे महिन्यात गावी येतो. मालवणसाठी काहीतरी करावं असं फार वाटतं, पण वर्गणी देण्यापलीकडे सुचत नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं?
*नालासोपारा*

वर्गणी नको. फोटो शोधा.

तुमच्या मुंबईच्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत, गावाकडचे जुने फोटो असतील. लग्नाचे, मुंजीचे, होडीच्या पूजेचे, किनाऱ्यावर काढलेले. त्यात माणसांच्या मागे काय दिसतं ते मला हवं आहे. एखादं देऊळ, किल्ल्याचा तट, विहिरीचा कठडा, मोरयाचा धोंडा, जे अजून जागेवर आहे असं काहीही. त्यावरून त्या साली पाणी कुठवर होतं ते काढता येतं. माझी वही २०१० पासूनची आहे, त्याच्या आधीचं सगळं तुमच्या ट्रंकांत आहे. मूळ फोटो न पाठवता त्याचाच फोटो काढून पाठवलात तरी चालेल. साल नक्की नसेल तर कुणाच्या लग्नाचा ते लिहा, गावात कुणीतरी साल सांगतंच.

आमच्या घरी असा एक आहे. आई नवी नवरी, दांडीवर, मागे उंडीचं झाड आणि झाडाखाली ओढून ठेवलेली होडी. झाड अजून आहे. गेल्या पौर्णिमेला मी आईला त्याच जागी उभं केलं आणि त्याच कोनातून फोटो घेतला. तिनं विचारलं, “होडी खय ठेवतलंस?” होडीला जागा नव्हती, त्या जागी पाणी होतं. ते अंतर मी दोरीनं मोजलं आणि आईनं वहीत लिहिलं, स्वतःच्या अक्षरात.